काळी माती, मुरूम आणि ऊन: घनता-ओलावा मीटरच्या प्रकल्प नोंदी

२९ नोव्हेंबर २०२५, नाशिक

मीटर एकदाचं उभं राहिलं. स्टेनलेसच्या चार खुंट्या आहेत, १५ सेंमी आत जाणाऱ्या. त्या चौकोनात ठोकायच्या, ३ मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडायचा, व्होल्टेज, करंट आणि दोघांमधला फेज मोजायचा, बास. आयडिया आमची नाही, एएसटीएम डी७६९८ मधे हीच पद्धत आहे: इम्पिडन्सवरून (सिग्नलला मातीचा एकूण अडथळा) मातीची ओली घनता काढायची, कपॅसिटन्स (चार्ज साठवायची ताकद) भागिले रेझिस्टन्स यावरून एका घनमीटरमधलं पाणी काढायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं की ड्राय डेन्सिटी, म्हणजे कोरड्या मातीची घनता. आमचं फक्त जुगाड आहे. सिग्नलला एडी९८५० मॉड्यूल, मोजायला एडी८३०२ चिप आणि पुढे ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, त्याचा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) भरवशाचा नाही म्हणून एडीएस१११५ वेगळा लावलाय. इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सातपूरच्या मित्राची, माती माझी.

हे कशाला करतोय ते एकदा लिहून ठेवतो. सिंहस्थाच्या कामांमुळे सगळीकडे भराव चालू आहेत आणि प्रत्येक लेयरला सँड रिप्लेसमेंट (खड्डा वाळूने भरून त्याचं माप काढायचं) नाहीतर कोअर कटर (नळी ठोकून नमुना काढायचा), मग सॅम्पल ओव्हनमधे १०५ ते ११० डिग्रीला २४ तास, तोवर रोलरवाला फोन करून डोकं खातो. न्यूक्लिअर गेज दोन मिनिटात सांगतो पण त्यात सिझियम-१३७ आणि अमेरिशियम-बेरिलियमचा सोर्स, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) परवानगी, ट्रेन्ड माणूस, ठेवायला वेगळी जागा, छोट्या लॅबच्या आवाक्यातलं काम नाही ते.

मीटरकडून अपेक्षा किती आहे तर, सबग्रेडला (रस्त्याच्या थरांखालची माती) एमडीडीच्या, म्हणजे लॅबमधे मिळालेल्या जास्तीत जास्त ड्राय डेन्सिटीच्या, ९७ टक्के लागतात, भरावाला ९५, आणि ओलावा ओएमसीच्या (ज्या ओलाव्याला ती मिळते तो) १ टक्का वर ते २ टक्के खाली एवढ्यातच पाहिजे. म्हणजे एक-दीड टक्क्यात पास-नापास ठरतं. ओलाव्यात आपलं मीटर २ टक्के इकडे-तिकडे गेलं तर ते खेळणं, मीटर नाही.

६ डिसेंबर

मामाच्या मळ्यात निफाडकडे दोन पॅड तयार केले, एक काळ्या मातीचा आणि एक मुरमाचा. काळ्यावर थर देऊन धुम्मस, मुरमावर भाड्याची थरथरणारी प्लेट. मामा पाणी मारताना मातीचा गोळा मुठीत दाबून म्हणाले, "आता थांब, वाफसा आलाय, याच्यापुढं चिखल होईल." लॅबमधे नंतर सॅम्पल काढलं तर ओएमसीच्या अगदी जवळ. दोन्ही पॅडच्या कडेला पाण्याची नळी जाणार नाही, ट्रॅक्टर जाणार नाही, असं मामांकडून कबूल करून घेतलंय.

काळ्यात कोअर कटर (१ लिटरचा, १० सेंमी व्यासाचा), मुरमात खडे असल्यामुळे कटर जात नाही, तिथे सँड रिप्लेसमेंट. हे दोन आपले खरे आकडे, मीटर त्यांच्याशी जुळवायचं.

९ डिसेंबर

आज पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तासा-तासाला रिडिंग. खुंट्या हलवल्याच नाहीत, म्हणजे जागा तीच, माती तीच.

काळ्या पॅडवर सकाळी सातला जो ओलावा दाखवत होतं तो दुपारी तीनला जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढलेला! ऊन एवढं कडक, वरची माती उलट फुटायला लागलेली, पाणी आलं कुठून? ओली घनता पण वर गेली. गंमत म्हणजे ड्राय डेन्सिटी मात्र फार हलली नाही, कारण वजाबाकी आहे ना, ओली घनता वाढली, पाणी पण वाढलं, दोघांनी एकमेकांचं झाकलं. हे जास्त धोक्याचं आहे, कारण साईटवर माणूस ड्राय डेन्सिटीचा आकडा बघतो, ठीक दिसला की पुढे जातो, आणि ओलावा पळालाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

लॅबमधले काका सोबत होते. त्यांचं म्हणणं सोपं, "अहो साहेब, सकाळीच घ्या ना रिडिंग, दुपारचं कशाला तापता." सल्ला वाईट नाही खरंतर. पण रोलर सकाळी आठलाच लेयर संपवेल याची गॅरंटी कोण देणार.

१० डिसेंबर

घरी बसून कागदावर. तापमानामुळे दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात, आणि दोन्ही उलट दिशेने.

पहिली, करंट वाहून नेणारे आयन. पाणी गरम झालं की पातळ होतं, १० डिग्रीला व्हिस्कॉसिटी १.३१ असते (मिलिपास्कल-सेकंदात), २० ला १.००, ३० ला ०.८०. आयनला पळायला मोकळं, म्हणून कंडक्टिव्हिटी डिग्रीमागे साधारण २ टक्के वाढते. लॅबमधली पोटॅशियम क्लोराईडची स्टँडर्ड बाटली आहे ना, ०.०१ मोलरची, तिचे आकडे २० डिग्रीला १२७८ मायक्रोसिमेन्स, २५ ला १४१३, ३० ला १५५२. मातीच्या भोकातलं पाणी पण तसंच वागणार.

दुसरी, पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे कपॅसिटन्स किती पटीने वाढवतो तो आकडा. २० डिग्रीला ८० च्या आसपास, ४० ला ७३, म्हणजे तो कमी होतो, पण हळूहळू, डिग्रीमागे अर्धा टक्का पण नाही. मातीचे कण ४-५, हवा १, म्हणून तर ओलावा कळतो, सगळा जोर पाण्याचाच असतो. एक हिशोब करून बघितला: ड्राय डेन्सिटी १.६, ओलावा २० टक्के, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.७ धरली, वर्गमुळांची बेरीज करणारा मिक्सिंगचा फॉर्म्युला लावला, तर मातीचा डायइलेक्ट्रिक २० डिग्रीला १७ च्या आसपास येतो आणि ४० ला १६. म्हणजे नुसती कपॅसिटन्सवर चालणारी सिस्टिम २० डिग्री गरम मातीत ओलावा साधारण १ टक्का कमी दाखवेल. आणि तेवढ्याच २० डिग्रीत कंडक्टिव्हिटी ४० टक्के वर!

आता आपलं मीटर कपॅसिटन्स भागिले रेझिस्टन्स घेतं. वरचा आकडा थोडा कमी होतो, खालचा खूप कमी होतो, म्हणजे भागाकार वाढतो. दुपारचा ओलावा वर का गेला ते इथेच आहे.

अजून एक गोष्ट हिशोबात निघाली. ओल्या काळ्या मातीची कंडक्टिव्हिटी ०.१ सिमेन्स प्रति मीटर धरली आणि डायइलेक्ट्रिक २०, तर ३ मेगाहर्ट्झला सुद्धा रेझिस्टन्समधून जाणारा करंट कपॅसिटन्सवाल्याच्या तीसपट होतो. म्हणजे काळी माती आपल्या मीटरला जवळपास नुसता रेझिस्टर दिसते, फेज जेमतेम दोन डिग्री. मुरमात कंडक्टिव्हिटी कमी, तिथे बरं आहे. एडी८३०२ चा फेज शून्याजवळ आणि १८० जवळ नीट येत नाही, त्यामुळे मित्राने रेफरन्सच्या हाताला एक कपॅसिटर टाकून सगळं ९० डिग्रीच्या आसपास ढकललंय. हा कपॅसिटर सी०जी जातीचाच पाहिजे, तो डिग्रीमागे ३० पीपीएमच्या आत राहतो. स्वस्तातला वाय५व्ही टाकला असता तर आपण मातीचं नाही, कपॅसिटरचं तापमान मोजत बसलो असतो.

१३ डिसेंबर

माती गरम होते तसं मीटर पण गरम होतंय, हे आधी वेगळं काढायला हवं. मातीच्या जागी डमी लोड लावला, मेटल फिल्म रेझिस्टर आणि सी०जी कपॅसिटर, तो सावलीत बादलीत ठेवला आणि फक्त मीटरचा डबा उन्हात. काळा एबीएसचा डबा होता, तासाभरात हात लावता येईना.

रिडिंग सरकलं. मातीएवढं नाही, पण दिसण्याइतकं. उपाय दोन: डबा पांढरा केला (शेजारच्या पेंटरकडून उरलेला ऑइलपेंट) आणि आत एक रिले (विजेने चालणारा स्विच) बसवला, प्रत्येक रिडिंगच्या आधी तो रेफरन्स लोडवर जातो, मग मातीवर, आणि आपण दोघांचं गुणोत्तर घेतो. बोर्ड गरम असो की गार, दोन्ही मापं एका मिनिटात होतात त्यामुळे बोर्डाचा भाग कटतो. परत उन्हात ठेवलं, डमीवर आकडा जागचा हलेना. आता जे हलेल ते मातीचं.

केबल राहिली. ती छोटीच ठेवली आहे, हातभर.

१८ डिसेंबर

शेतात कितीही मोजलं तरी एक शंका राहतेच की दुपारी माती खरंच सुकली किंवा खालून ओल वर आली तर? म्हणून आता बंद डब्यातला प्रयोग. १६० एमएमच्या पीव्हीसी पाईपचे तुकडे कापले (लॅबमधे माती ठोकायचा लोखंडी प्रॉक्टर मोल्ड चालत नाही, त्याच्या भिंतीतूनच करंट जातो), दोन्ही पॅडची माती त्याच ओलाव्याला, त्याच घनतेला ठोकून भरली, छोट्या खुंट्या बसवल्या, मधोमध डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) आणि वरून खालून प्लास्टिक गुंडाळून टेप. प्रत्येकाचं वजन लिहून ठेवलं. वजन तेच तर पाणी तेवढंच, वाद नाही.

गार करायला फ्रिज. घरच्या फ्रिजमधे दुधाशेजारी काळ्या मातीचा पाईप ठेवायला आईने साफ नकार दिला, मग लॅबमधला जुना चालू केला. मधलं तापमान आयतं मिळालं: काँक्रीटचे क्यूब पाण्यात ठेवायची क्युरिंगची टाकी आयएस ५१६ प्रमाणे २७±२ वर ठेवावीच लागते, प्लास्टिकमधले पाईप सरळ तिच्यात सोडले. गरम बाजूला गिझरच्या पाण्याचा टब, ४० च्या आसपास. एवढा जाड पाईप आतपर्यंत एका तापमानाला यायला काही तास जातात, त्यामुळे रात्रभर ठेवायचं आणि मधला सेन्सर हलायचा थांबला की मगच रिडिंग. घाई केली तर बाहेरची माती गरम, आतली गार, आणि आकडा कशाचाच नाही.

२२ डिसेंबर

निकाल आले, आणि वजनं ग्रॅमभर पण हलली नाहीत.

रेझिस्टन्सच्या बाजूने दोन्ही माती शहाण्यासारख्या वागल्या. मुरूम डिग्रीमागे २ टक्क्याच्या जवळ, काळी माती २ च्या थोडी वर. सरळ रेषा.

कपॅसिटन्स बघा मात्र. मुरमात गरम केल्यावर किंचित कमी झाला, अगदी कागदावर काढलं होतं तसा. काळ्यात वाढला! दोनदा फ्रिज-टब केलं, तरी वाढतोच. वाचत बसलो तेव्हा १९९९ चा ऑर आणि रेथ यांचा पेपर सापडला, टीडीआरवरचा (मातीत विजेचा पल्स सोडून तो परत यायचा वेळ मोजायची पद्धत) आहे पण मुद्दा हाच. चिकणमातीच्या पापुद्र्यांना पाण्याचा पातळ थर घट्ट चिकटलेला असतो, त्या पाण्याचे रेणू मोकळे फिरू शकत नाहीत, म्हणून त्याचा डायइलेक्ट्रिक ८० नाही, खूपच कमी. माती गरम झाली की त्यातलं काही पाणी सुटं होतं आणि सुट्या पाण्यासारखं वागायला लागतं. सुट्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक घटतोय, चिकटलेलं सुटतंय म्हणून वाढतोय, आणि मातीत चिकण किती त्यावर कोण जिंकणार ते ठरतं. आपली काळी माती म्हणजे बेसॉल्टची झालेली, माँटमोरिलोनाईटने भरलेली, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यात पृष्ठभाग एवढा प्रचंड असतो की चिकटलेलं पाणी जिंकलं तर नवल नाही. त्यात ३ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी टीडीआरपेक्षा बरीच खालची, इथे कणांच्या कडांवर चार्ज साठून कपॅसिटन्स फुगतो, त्याला मॅक्सवेल-वॅग्नर म्हणतात, आणि तो प्रकार कंडक्टिव्हिटीबरोबर वाढतो. दोघांपैकी कोणाचा वाटा किती ते या मीटरने वेगळं काढता येणार नाही, त्याला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजावं लागेल.

१९८० चं टॉपचं समीकरण सगळे डोळे मिटून वापरतात, डायइलेक्ट्रिक टाका ओलावा घ्या. साध्या शेतमातीला ते छान आहे. पण काळ्या मातीला, ते पण मेगाहर्ट्झच्या मीटरने, वापरू नये असं माझं मत पक्कं झालंय. ऑनलाईन मिळणारे ते कपॅसिटिव्ह सेन्सर, ५५५ टायमरवाले, ते तर याच्याही खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, आणि ड्रिपवाले त्याच्यावर पाणी सोडायचं की नाही ते ठरवतात!

थोडक्यात प्रत्येक मातीला कपॅसिटन्सचा वेगळा आकडा, चिन्हासकट. एकच "टेंपरेचर करेक्शन" टाकून भागणार नाही.

२८ डिसेंबर

परत मळ्यात. आता खोलीचा प्रश्न. डीएस१८बी२० स्टीलच्या नळीत भरून ५ सेंमी, १० सेंमी आणि १५ सेंमीवर पुरले, एक उघडा वर ठेवला.

दुपारी दोनला उघडी काळी माती वरून ३८ दाखवते, १५ सेंमीवर २१. एवढा फरक! खालच्या सेन्सरला सगळ्यात जास्त तापमान संध्याकाळी सातनंतर मिळालं, तेव्हा वरची माती केव्हाच गार पडलेली. पुस्तकी हिशोब पण हेच सांगतो: रोजची उष्णतेची लाट मातीत साधारण १० सेंमीला एक-तृतीयांश राहते आणि तिथे पोचायला चार तासाच्या आसपास उशीर होतो, १५ सेंमीला जेमतेम पाचवा हिस्सा आणि उशीर पावणेसहा तास.

आता याचा परिणाम बघा. आपण सगळं २७ डिग्रीवर आणून लिहितो (२५ चा रिवाज आहे, पण टाकी २७ ची, आणि लॅबचं बरंच काम २७ वरच चालतं). वरचं तापमान धरलं तर ३८ वजा २७, ११ डिग्री, म्हणजे कंडक्टिव्हिटी २२ टक्के खाली आणायची. १५ सेंमीचं धरलं तर २१ वजा २७, म्हणजे १२ टक्के *वर* न्यायची. दिशाच उलटी! जे मीटर जमिनीवर ठेवून त्याच्या पोटातला सेन्सर वापरतात त्यांचं दुपारी काय होत असेल.

ग्राफ काढला तर फार सुंदर प्रकार दिसतो. रिडिंग विरुद्ध ५ सेंमीचं तापमान काढलं की रेषा येत नाही, लांबट गोल येतो, सकाळची बाजू वेगळी, संध्याकाळची वेगळी. १५ सेंमीवालं काढलं तर गोल उलटा फिरतो. तिघांची सरासरी घेतली की गोल चपटा होऊन जवळपास रेषा. खुंटी पूर्ण लांबीतून करंट सोडते त्यामुळे सरासरीच बरोबर, हे कळतं, पण डोळ्यासमोर चपटं होताना बघायला मजा आली.

४ जानेवारी २०२६

थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात रोज येतोय आणि द्राक्षवाल्यांची झोप उडालीय, बागेत पहाटे शेकोट्या. मामा पहाटे ड्रिप चालू करतात, विहिरीचं पाणी मातीपेक्षा गरम असतं म्हणून. पॅडपासून बागेची पहिली ओळ लांब आहे, तरी जाऊन पॅडच्या कडेला उकरून बघितलं, कोरडं. मामा म्हणाले, "अरे सांगितलं होतंस ना नळी नको, मग नाही."

त्या निमित्ताने बागेत ड्रिपखाली एक रिडिंग घेतलं. वीस मिनिटात कंडक्टिव्हिटी उडाली, पण त्यात पाणी वाढलं, माती गरम झाली आणि खतं विरघळली, तिन्ही एकदम. असल्या जागी हे मीटर निरुपयोगी, सरळ सांगतो. भरावाच्या मातीत खत नसतं हे आपलं नशीब. पण टँकरचं पाणी कुठून आलं हे विचारायचं, खारं पाणी मारलं तर कॅलिब्रेशन नव्याने.

११ जानेवारी

फर्मवेअर (मीटरमधला प्रोग्रॅम) बदललं. प्रत्येक मातीसाठी रेझिस्टन्सचा एक आकडा, कपॅसिटन्सचा एक आकडा (काळ्याला अधिक, मुरमाला उणे), तीन खोल्यांची सरासरी, आधी दोघांना २७ वर आणायचं आणि *मग* भागाकार करायचा. भागाकार करून शेवटी ओलाव्यावर एकच करेक्शन मारलं तर काळ्या मातीत दिवसभरात चालतं, पण ओलावा बदलला की बिघडतं, म्हणून तो सोपा रस्ता सोडला.

पहाट ते संध्याकाळ परत. काळ्या पॅडचा ओलावा आता दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, मुरमाचा त्याहून बरा. दुपारी उशिरा काळ्यात थोडी घसरण उरतेच, ती तापमानाची नाही असं वाटतं: खुंटीच्या गळ्याशी माती सुकून केसाएवढी फट पडते, नखाने दाबून बघितली, खुंटी वरच्या बोटभर भागात मातीला टेकतच नाही. ओलं गोणपाट झाकून ठेवलं तर घसरण गेली. नंतर नुसतं कोरडं गोणपाट झाकून पण बघितलं, तरी गेली, म्हणजे ओलीचा प्रश्न नव्हता, उन्हाने सुकणं थांबवायचं होतं एवढंच.

त्याच संध्याकाळी शेजारी कोअर कटर मारला आणि सॅम्पल ओव्हनमधे.

१३ जानेवारी

ओव्हनचा आकडा आला. काळ्यात ओलावा मीटरपेक्षा पाऊण टक्का कमी, मुरमात सँड रिप्लेसमेंटशी जवळपास जुळतंय. काकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि एवढंच म्हणाले, "बरं आहे. पण रिपोर्टवर सही ओव्हनच्या आकड्यावरच करीन." बरोबरच आहे त्यांचं. डी७६९८ ची पद्धत पण शेवटी कोरिलेशनचीच आहे, खऱ्या टेस्टशी जुळवून मगच चालते. आपल्याला मीटर हवंय ते रोलर थांबवायचा की अजून दोन पास मारायचे हे तिथल्या तिथे कळायला.

साईटवर न्यायच्या पत्र्याच्या पेटीत आता छत्री, गोणपाट आणि सेन्सरची तीन खोल्यांची नळी कायमची. कॅलिब्रेशनला एक ऐवजी तीन तापमानं, फ्रिज, टाकी, टब, आणि नवीन खाणीचा मुरूम आला की पाईप परत भरायचे. सिन्नरकडच्या एका साईटची लाल माती आणायची आहे, काळ्यासारखी वागते की मुरमासारखी ते बघायला, पाईप कापून तयार आहेत.